हुकूम आणि अंमल : महाभक्षी पेशींच्या उद्दीपनाविषयी



या व्याख्यानमालेच्या प्रवर्तकांनी घालून दिलेला एक दंडक असा आहे की, व्याख्यात्याने आपल्या विषयाचा सारा पसारा श्रोत्यांपुढे न मांडता त्यातील एकच प्रश्न निवडावा आणि तो शक्य तितका तडीस न्यावा. ज्या वैद्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्या व्यवसायाला हा दंडक शोभणाराच आहे. कारण रोग्याच्या दहा तक्रारींतून मूळची कोणती हे ओळखण्यातच वैद्याचे निम्मे काम उरकते. त्या दंडकाला अनुसरून माझा प्रश्न असा : आपल्या शरीरात एक पेशी अशी आहे की, ती रोगजंतूला गिळते, पण पुष्कळदा गिळूनही मारीत नाही, आणि मग काही दिवसांनी, तेच शरीर आणि तोच जंतू असताना, ती त्याला मारू लागते. हा पालट तिच्यात कोण घडवून आणतो, त्यापायी शरीराला काय किंमत मोजावी लागते, आणि काम उरकल्यावर तिला आवरतो कोण? शास्त्रज्ञ या पेशीला मॅक्रोफेज म्हणतात. आपण तिला महाभक्षी पेशी म्हणू, आणि तिच्या अंगी येणाऱ्या या पालटास उद्दीपन म्हणू.

१

१८८२ सालच्या अखेरीस इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातील आपली जागा सोडून सिसिली बेटावरील मेसिना या गावी समुद्रकाठी बिऱ्हाड करून राहिला होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली असता तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या डिंभातील फिरत्या पेशींची हालचाल न्याहाळीत होता, आणि न्याहाळता न्याहाळता त्याच्या मनात आले की, या पेशी केवळ अन्न पचविण्यासाठी फिरत नसाव्यात, परकीय वस्तूपासून प्राण्याचे रक्षण करणे हेही त्यांचेच काम असावे. तो उठून बागेत गेला, गुलाबाचे काटे तोडून आणले, आणि काचेसारख्या पारदर्शक अशा त्या डिंभांच्या त्वचेखाली ते खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो प्रत्येक काट्याभोवती त्या फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! या साध्या प्रयोगाचे मर्म असे की, त्या डिंभाला रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूंची रचनाही नाममात्रच असते. त्यामुळे दाह म्हणजे मुळात रक्तवाहिन्यांचा विकार, ही त्या काळच्या विकृतिशास्त्रज्ञांची समजूत त्या काट्यांनी निकालात काढली. रक्ताभिसरण निर्माण होण्याच्या कितीतरी आधीपासून प्राणिसृष्टीत ही भक्षणाची तजवीज होती, हे त्यावरून दिसून आले.

पुढे मेचनिकॉव्हने या भक्षी पेशींचे लहान व मोठ्या असे दोन वर्ग पाडले. लहान पेशी रक्तातून धावत येतात, झुंजतात आणि थोडक्याच अवधीत मरतात. पू म्हणून जो दिसतो त्यात बहुतांशी त्याच असतात. मोठ्या, म्हणजे महाभक्षी पेशींचा स्वभाव निराळा आहे. यकृत, प्लीहा, फुप्फुसातील वायुकोश, मेंदू, त्वचा, अशी एकही जागा नाही की जेथे त्या कायमच्या तैनात नाहीत. त्यांपैकी काही तर आपण गर्भात असतानाच त्या त्या इंद्रियात वस्तीस येतात आणि तेथेच आपली संख्या राखून राहतात. इतर काही अस्थिमज्जेत जन्म घेऊन, रक्तातून प्रवास करून, गरज पडेल तेथे रुजू होतात.

यांचे नित्याचे काम मात्र लढाईचे नाही, ही गोष्ट आजच्या विवेचनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मनुष्याची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला अशा सुमारे २० लाख पेशी आपली मुदत संपवून प्लीहेतील व यकृतातील महाभक्षी पेशींच्या पोटात जातात. त्यांतील लोह या पेशी काढून घेतात आणि नवीन रक्त तयार करण्यासाठी अस्थिमज्जेकडे परत पाठवितात. दिवसाकाठी असे वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह फिरत राहते, तर अन्नातून आपण शोषून घेतो ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. एवढा मोठा मृतांचा कारभार अहोरात्र चालू असतो आणि आपणांस साधा तापही येत नाही. म्हणजे भक्षण आणि दाह या दोन भिन्न गोष्टी आहेत. गिळणे ही या पेशीची नित्याची वृत्ती आहे, आणि प्रक्षुब्ध होणे हा तिला विशेष प्रसंगी मिळणारा हुकूम आहे.

२

मेचनिकॉव्हच्या मताला विरोध कडवा झाला. १८९० साली बेरिंग आणि किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या विषांवर रक्तरसातील प्रतिविषाचा गुण दाखवून दिल्यावर, रोगनिवारण हा रक्तरसाचा धर्म, पेशी नुसत्या झाडूवाल्या, असा जर्मन पक्षाचा सूर लागला. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तरसवाद्यांचा अग्रणी पाउल एर्लिख या दोघांना विभागून देऊन स्टॉकहोमच्या पंचांनी हा तंटा मिटविला म्हणा वा तहकूब केला म्हणा.

मुंबईकरांस या परंपरेचा एक धागा परिचयाचा आहे. १८९६ साली प्लेग उद्भवला तेव्हा लस तयार करण्याच्या कामगिरीवर मुंबईस आलेले वॉल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकॉव्हचेच विद्यार्थी होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी ती लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ज्या प्लेगच्या जंतूशी ते झगडत होते तो संसर्गाच्या पहिल्या टप्प्यात गुरूच्या त्या भक्षी पेशीच्या आतच तग धरून राहतो, हे कळावयास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. क्षयाच्या जंतूची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. त्याला महाभक्षी पेशी वायुकोशात गिळते, तो ज्या कोशिकेत बंद होतो तीत पाचक द्रव्यांच्या पिशव्या येऊन मिळाव्यात अशी व्यवस्था असते. परंतु जिवंत क्षयजंतू हे मीलनच रोखून धरतो, असे १९७१ साली लंडन येथे आर्मस्ट्राँग आणि हार्ट यांनी दाखविले. ज्या कोठडीत त्याला डांबले तीच तो आपले घर करतो. कुष्ठरोगाचा जंतू, काळ्या आजाराचा परजीवी, विषमज्वराचा जंतू, हे सारे याच मार्गाचे पांथस्थ होत.

मग या रोगांतून पुष्कळ लोक बरे कसे होतात? या कोड्याची उकल १९६० नंतरच्या काही वर्षांत जॉर्ज मॅकानेस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने केली. त्याने उंदरांना लिस्टेरिया नावाच्या, पेशीच्या आत राहणाऱ्या जंतूची सौम्य बाधा करविली. बाधेतून वाचलेल्या उंदरांना तो जंतू पुन्हा टोचला असता ते तगून राहिले. पण त्यांचा रक्तरस दुसऱ्या उंदरांना दिल्याने ते रक्षण त्यांस मिळाले नाही. रक्षण होते ते महाभक्षी पेशींत, कारण त्या आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मारक झाल्या होत्या. पुढे त्याने आणखी एक गोष्ट पाहिली, आणि माझ्या व्याख्यानाचा सारा भार तिच्यावर आहे. बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीतील जंतूची, बाधा दिलेले उंदीर, ज्या जंतूशी त्यांचा कधीही संबंध आला नव्हता अशा लिस्टेरियालाही काही काळ दाद देईनासे झाले. हा गुण हळूहळू ओसरला. ओसरल्यावर तो पुन्हा जागवावयाचा तर मात्र मूळचाच जंतू टोचावा लागे, दुसरा चालत नसे. आणि एकदा जागला की मग तो पुन्हा साऱ्याच जंतूंविरुद्ध सारखा चाले. काही वर्षांनी त्यानेच हेही सिद्ध केले की, ही ओळख पटविणाऱ्या पेशी निराळ्या, म्हणजे लसीकापेशी असतात, आणि त्यांच्याकडून सूचना मिळाल्यावर महाभक्षी पेशी उद्दीपित होतात.

या शोधाचे सार मी चार शब्दांत सांगतो : हुकूम नेमका, अंमल सरसकट. हुकूम देणारी लसीकापेशी विशिष्ट जंतूचा विशिष्ट अंश ओळखल्यावाचून तोंड उघडीत नाही. पण तो हुकूम बजावणाऱ्या महाभक्षी पेशीस शत्रू-मित्र हा विवेक फारसा नाही, तिच्या टप्प्यात जे येईल ते भाजून निघते. आपले संरक्षण आणि आपले कितीतरी रोग, ही दोन्ही या एकाच विसंगतीची अपत्ये आहेत.

३

तो हुकूम म्हणजे प्रत्यक्षात कोणते द्रव्य, हे १९८३ साली न्यूयॉर्क येथील कार्ल नेथन व त्यांचे सहकारी यांनी निश्चित केले. लसीकापेशींनी सोडलेले गॅमा इंटरफेरॉन हे ते प्रथिन. ते महाभक्षी पेशीच्या पृष्ठभागावरील आपल्या जागी चिकटले की पेशीच्या अंतर्भागी मोठी उलथापालथ होते : प्राणवायूपासून व नत्रापासून तीव्र विषारी द्रव्ये तयार होऊ लागतात, जंतूने अडवून धरलेल्या कोशिकांचे पाचन सुरू होते, आणि गिळलेल्या जंतूचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ही पेशी आणखी लसीकापेशींना पाचारण करू लागते. येणेप्रमाणे हुकूम घेणारीच हुकुमाला बळ देते, आणि दोघींचा जोर परस्परांमुळे चढत जातो. हा हुकूम खरोखरच अपरिहार्य आहे, याचा दुःखद पुरावा १९९६ साली माल्टा बेटावरील व ट्युनिशियातील काही बालकांच्या रूपाने पुढे आला. गॅमा इंटरफेरॉन ओळखणारे ग्राहीच त्यांच्या पेशींवर जन्मतः सदोष होते. मातीपाण्यातले निरुपद्रवी जंतू, किंबहुना क्षयापासून रक्षणासाठी टोचलेली बीसीजीची लससुद्धा, त्यांच्या जिवावर बेतली. पेशी होत्या, भक्षण होते, परंतु हुकूम पोचत नव्हता.

१९९२ साली ऑक्सफर्ड येथे सायमन गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेतून दुसरी बाजू प्रकाशात आली. इंटरल्युकिन-४ नावाचा दुसरा संदेश मिळाला तर हीच पेशी निराळ्या रीतीने उद्दीपित होते. तिचे मारकत्व मागे पडते आणि डागडुजी, तंतुनिर्मिती, जखमेची भरणी या कामांकडे ती वळते. पुढे २००० साली या दोन अवस्थांना एम-१ आणि एम-२ अशी सुटसुटीत नावे मिळाली, आणि सुटसुटीत नावांचे जे होते तेच त्यांचे झाले. विद्यार्थी त्यांना दोन जाती समजू लागले, आणि निबंधांतून चांगली व वाईट अशी वाटणी होऊ लागली. प्रत्यक्ष शरीरात एका वेळी अनेक संदेश येतात, आणि एकच पेशी सकाळी जंतू मारून पुढे त्याच जागी जखम भरू लागते. म्हणूनच २०१४ साली अनेक संशोधकांनी एकत्र येऊन अशी शिफारस केली की, पेशीला बिरुद लावण्यापेक्षा तिला कोणता संदेश दिला होता ते स्पष्ट नमूद करावे. कारभाराच्या भाषेत सांगावयाचे तर हुद्दा लिहू नका, हुकुमाची नक्कल जोडा.

४

हा सारा सिद्धान्त एकाच रोगात डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर तो कुष्ठरोगात पाहावा. महाराष्ट्राला हा रोग परका नाही. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय, मनोहरजी दिवाणांचे दत्तपूर आणि बाबा आमट्यांचे आनंदवन ही नावे येथील प्रत्येकाच्या ओठांवर आहेत. १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन याने जो जंतू पाहिला तो सर्व रोग्यांत एकच. आणि तरीही या रोगाची दोन टोके एकमेकांपासून इतकी दूर आहेत की, नवख्याला ते दोन रोग वाटावेत.

आम्हां विकृतिशास्त्रज्ञांच्या टेबलावर त्वचेचे दोन छेद शेजारी ठेवले आहेत अशी कल्पना करा. दोन्हींवर असे रंजन केले आहे की जंतू तांबडे आणि बाकीचे सारे निळसर दिसावे. पहिल्यात महाभक्षी पेशी फुगून फेसाळ झाल्या आहेत, आणि प्रत्येकीत तांबड्या काड्यांच्या जुड्याच्या जुड्या कोंबून भरल्या आहेत. भोवती लसीकापेशी जवळजवळ नाहीतच. दुसऱ्यात त्याच महाभक्षी पेशी घट्ट चिकटून गाठीगाठीने बसल्या आहेत, काही एकमेकींत मिसळून प्रचंड बहुकेंद्रकी पेशी झाल्या आहेत, त्यांच्याभोवती लसीकापेशींचे दाट कडे आहे; आणि अख्खा छेद धुंडाळला तरी एखादी तांबडी काडी सापडेल किंवा सापडणारही नाही. पहिल्या रोग्यात भक्षण अखंड चालू होते, हुकूम मात्र आला नाही. दुसऱ्यात हुकूम आला आणि त्याचा अंमलही झाला. १९९१ साली अशा व्रणांतील संदेशद्रव्ये मोजली गेली तेव्हा दुसऱ्या प्रकारात गॅमा इंटरफेरॉनचे आणि पहिल्यात इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१० यांचे प्राबल्य आढळले. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी त्याआधीच, १९८३ साली, असे दाखविले होते की पहिल्या प्रकारच्या रोग्यांच्या महाभक्षी पेशी लसीकापेशींना दडपणारे द्रव्य सोडतात; म्हणजे बजावणारी पेशी हुकूम देणाऱ्याचेच तोंड बंद करू शकते.

यावरून कोणाच्याही मनात सहज येईल की, मग बाहेरून हुकूम पुरवावा. तेही करून झाले आहे. १९८६ साली पहिल्या प्रकारच्या रोग्यांच्या त्वचेत गॅमा इंटरफेरॉन टोचले असता त्या जागी लसीकापेशी गोळा झाल्या आणि जंतू घटले. परंतु तेच द्रव्य काही महिने देत राहिल्यावर निम्म्याहून अधिक रोग्यांत ताप, अंगभर दुखऱ्या तांबड्या गाठी, अशी उग्र प्रतिक्रिया उसळली, असे १९९२ साली प्रसिद्ध झाले. हुकूम नेमका पोचला. अंमल सरसकट झाला.

आणि येथे आपण किमतीच्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. कुष्ठरोगात बोटे वाकडी होतात, पायाला चटका कळत नाही, पापणी मिटत नाही, हे नुकसान केवळ जंतूने केलेले नसते. हा जंतू मज्जातंतूंत राहतो, आणि तो मारावयास निघालेल्या उद्दीपित पेशी त्या मज्जातंतूलाच जाळून टाकतात. औषधे सुरू झाल्यावर, जंतू मरू लागल्यावर, कधी कधी प्रतिकार एकाएकी उफाळतो. कोपराच्या आतील बाजूस हाताने चाचपल्यास जी दोरीसारखी नस लागते ती सुजते, हात लावू देत नाही, आणि थोड्याच दिवसांत करंगळी व अनामिका वळू लागतात. अशा वेळी रोग्याला स्टेरॉइड देऊन त्याचा प्रतिकार आवरावा लागतो, आणि जंतुनाशक औषधेही चालू ठेवावी लागतात. ज्या बळामुळे तो बरा होत आहे त्याच बळापासून त्याचा हात वाचवावयाचा असतो. ज्याने हा प्रसंग हाताळला आहे त्याला ‘प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी बरी’ हे वाक्य पुन्हा उच्चारता येत नाही.

५

जंतू नसतानाही हा हुकूम सुटतो, आणि आजच्या काळातील मोठे रोग पुष्कळसे या वर्गात मोडतात. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे आनिच्कॉव्ह याने सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांच्या भिंतींत मेदाने फुगलेल्या पेशी दाखविल्या. त्या मुख्यत्वे महाभक्षी पेशीच होत. रक्तातील बिघडलेला मेद गिळणे हे त्यांचे नित्याचेच काम. परंतु तो वर्षानुवर्षे संपेचना, तेव्हा त्या तेथेच साचतात, दाहद्रव्ये सोडतात, आणि अखेर रोहिणीच्या भिंतीवरील आवरण दुबळे करून हृदयविकाराच्या झटक्याला वाट करून देतात. हा दाहच कमी केला तर? २०१७ साली सुमारे १०,००० हृद्रोग्यांवर इंटरल्युकिन-१-बीटा हा संदेश अडविणाऱ्या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मेदाचे प्रमाण न घटविताही मधल्या मात्रेने हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले; पण त्याबरोबर जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या किंचित वाढली, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. संधिवातावर टीएनएफ हा संदेश अडविणारी औषधे आली तेव्हाही असेच घडले; २००१ साली असे दिसून आले की, ज्यांच्या शरीरात क्षयाचे जंतू महाभक्षी पेशींच्या गाठींत वर्षानुवर्षे कोंडलेले होते त्यांच्यात त्या गाठी सुटून क्षय उसळला. म्हणून आज हे औषध देण्याआधी क्षयाचा तपास करणे हा शिरस्ता आहे, आणि आपल्या देशात तर तो कधीही टाळू नये.

करोनाच्या साथीने हाच धडा घरोघरी गिरविला. २०२० सालच्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथॅसोन या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडने कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटविले. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. औषध तेच, मात्रा तीच. फरक एवढाच की, पहिल्यांत प्रतिकाराचा अंमल हाताबाहेर गेला होता आणि दुसऱ्यांत तो आपले काम करीत होता. पुढील वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे लोक जिला काळी बुरशी म्हणत तिने, जो कहर केला त्यामागे आटोक्यात नसलेला मधुमेह आणि गरज नसता वा गरजेहून अधिक दिलेली स्टेरॉइडे ही प्रमुख कारणे होती. एका टोकाचा उपाय दुसऱ्या टोकाला अपाय ठरला.

आता समारोप. त्या साथीपासून आपल्याकडे रोगप्रतिकारशक्ती ‘वाढविणाऱ्या’ काढ्यांचा, चूर्णांचा आणि गोळ्यांचा जो सुकाळ झाला आहे, त्याविषयी मला तुमच्यापैकी अनेकांनी सभेबाहेर विचारले आहे. त्याचे उत्तर या व्याख्यानात येऊन गेले आहे, ते फक्त उघड करावयाचे राहिले. ज्या यंत्रणेचे हित हुकुमाच्या नेमकेपणात आणि अंमलाच्या मर्यादेत आहे, तिच्याविषयी ‘वाढवा’ हा सल्लाच निरर्थक आहे. कोणाविरुद्ध वाढवावयाची, कोणत्या इंद्रियात आणि किती दिवस, हे जो सांगत नाही तो काहीच सांगत नाही. आणि सुदैवाने त्याच्या पुडीतील द्रव्याने बहुधा काही वाढतही नाही. ज्या उपायांनी खरोखर काही घडते, ते सारे या तीन प्रश्नांची उत्तरे देऊनच औषधालयात शिरले आहेत : लस नेमका हुकूम आधीच लिहून ठेवते, स्टेरॉइड अतिरेकी अंमल मुदतीपुरता आवरते, आणि नवी प्रतिपिंड-औषधे एखादाच संदेश अडवितात व त्याबद्दल घ्यावयाची खबरदारीही लेखी देतात. तेव्हा तुमच्या घरी कोणी प्रतिकारशक्ती वाढविण्याचे औषध घेऊन आला तर त्याला हे तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका. वैद्यानेही स्टेरॉइडची चिठ्ठी लिहिताना हेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, एवढीच माझी उभयतांस विनंती आहे.